घराखालची जमीन : ओल आणि गारवा

घर बांधावयाचे ठरले म्हणजे खोल्या किती, खिडक्या कोठे, दर्शनी भाग कसा, याकडे मालकाचे सारे लक्ष लागते. घराखाली काय असावे हा प्रश्न तो गवंड्यावर सोपवितो. पुढे दोन-तीन पावसाळे गेले की भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात, ट्रंकेतील कपड्यांना कुबट वास येतो, आणि मग त्या न दिसणाऱ्या भागाची आठवण होते. हैदराबादसारख्या शहरात या विषयाला दुसरीही एक बाजू आहे. ज्या जमिनीतून ओल चढते, त्याच जमिनीतून उन्हाळ्यात गारवा मिळतो. ओल अडवावी आणि गारव्याला वाट मोकळी ठेवावी, हे कसे साधते ते प्रत्येक गृहस्थाने जाणून घेण्यासारखे आहे.

थंड देशांत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवितात. अमेरिकेत पुष्कळ घरांची लाकडी जमीन बुटक्या भिंतींवर, मातीपासून दोन-तीन फूट उंच उचललेली असते. तिच्याखाली माणसाला रांगत जाता येईल एवढी पोकळी राहते. हिवाळ्यात या पोकळीतून थंडी वर येऊ नये म्हणून तेथे काचतंतूंचा किंवा फेसाळ प्लास्टिकचा जाड थर बसवितात. पूर्वी या पोकळीला झरोके ठेवीत. वारा खेळेल आणि ओल सुकेल, हा त्यामागील हेतू. दमट प्रदेशांत मात्र अनुभव उलटा आला. उन्हाळ्यातील बाष्पाने भरलेली हवा आत शिरून थंड लाकडाला लागली की, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटावा तसे तिचे पाणी होई आणि तुळया कुजत. म्हणून आता झरोके बुजवावेत, मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि पोकळीच्या भिंतींना उष्णतारोधक थर द्यावा, असा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात.

हैदराबादच्या घराखाली अशी पोकळी सहसा नसते. तेथे असते ते भरीव जोते. जोत्याच्या चौकटीत मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून बसवितात. काळी माती या कामी घालू नये, कारण ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि फरशी उचलते. मुरमावर दगडांचा थर, त्यावर काँक्रीट आणि शेवटी फरशी. शहाबादची आणि तांडूरची फरशी या शहरात घरोघरी दिसते. आज शहाबाद कर्नाटकात आणि तांडूर तेलंगणात असले, तरी 1956 पर्यंत दोन्ही गावे हैदराबाद राज्यातच होती.

ओल वर चढते ती दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी. माती, वीट आणि चुना यांतील छिद्रे जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. दगडांच्या थरातील फटी मोठ्या असल्यामुळे तेथे हा चढ तुटतो. भिंतीसाठी मात्र वेगळा उपाय लागतो. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, सुमारे 40 मिलिमीटर जाडीच्या जलरोधक काँक्रीटचा थर देऊन त्यावर डांबराचा लेप देतात. जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान 45 सेंटिमीटर उंच असावे, असा राष्ट्रीय इमारत संहितेचा दंडक आहे.

तथापि एवढे करूनही पुष्कळ घरे ओलावतात. रस्त्यावर थरावर थर चढतात, अंगणात भर पडते, भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे होतात आणि तो जलरोधक थर मातीखाली गाडला जातो. मग ओल त्याला वळसा घालून भिंतीत शिरते. अशा वेळी प्रथम माती हलवावी, अंगणाला घरापासून दूर उतार द्यावा आणि छपराचे पाणी भिंतीपासून लांब सोडावे. जुन्या चुन्याच्या भिंतीला घट्ट सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडून आणखी वर चढते. तेथे चुन्याचाच गिलावा बरा. ओल व बुरशी यांमुळे खोकला, धाप आणि दमा बळावतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिला आहे. त्याचा त्रास अधिक होतो तो घरातील लहान मुलांना.

आता गारव्याकडे वळू. बेगमपेठ येथे 2 जून 1966 रोजी पारा 45.5 अंशांवर गेला होता. हैदराबादचे वर्षाचे सरासरी तापमान मात्र 26-27 अंशांच्या आसपास असते आणि जमिनीत काही मीटर खोल गेल्यास तापमान त्या सरासरीच्या जवळपास स्थिर राहते. म्हणूनच मे महिन्याच्या दुपारी फरशीवर अंग टाकले असता बरे वाटते. शरीराची व खोलीची उष्णता फरशीवाटे जमिनीत उतरते. थंड देशांचे अनुकरण करून या फरशीखाली उष्णतारोधक थर घातला, तर पैसे खर्चून ही वाट बंद केल्यासारखे होईल.

उष्णता येते ती वरून. तो खर्च छपरावर करावा. 2017 साली हैदराबादेतील देवरकोंडा बस्तीत 25 लहान घरांच्या छपरांवर ऊन परतविणारे आच्छादन घालून पाहिले, तेव्हा तशाच उघड्या छपराच्या घरापेक्षा आत सरासरी 2 अंश कमी तापमान आढळले. एप्रिल 2023 मध्ये तेलंगण सरकारने शीतल छपरांचे धोरण जाहीर केले. पत्र्याखाली राहणाऱ्याला पांढऱ्या रंगाचा हातही उपयोगी पडतो. मात्र धुळीने तो मळतो, म्हणून धुवावा आणि वेळोवेळी पुन्हा द्यावा.

एक अपवाद सांगितला पाहिजे. हल्ली इमारती खांबांवर उभारून खाली मोटारी ठेवतात. त्यावरील पहिल्या मजल्याच्या फरशीखाली जमीन नसून तापलेली हवा असते. तेथे वातानुकूलन असेल, तर वाहनतळाच्या छताला खालून उष्णतारोधक थर देणे योग्य ठरते. इतरांनी मात्र खालची ओल तोडावी, वरचे ऊन परतवावे आणि जमिनीचा गारवा आहे तसा राहू द्यावा.