वीज गेली की वही उघडते

मोबाइलवर वेबकॉमिकचा एक भाग वाचायला अर्धं मिनिट पुरतं. अंगठा वर सरकतो, वाचक हसतो किंवा हसत नाही, आणि पुढे निघून जातो. त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे काय चालतं, ते आज सांगतो. बऱ्हाणपुरातलं सांगतो, कारण माझी सगळी पात्रं इथल्याच गल्ल्यांत राहतात.

बहुतेकांना वाटतं की आधी विनोद सुचतो आणि मग त्याला चित्र जोडलं जातं. माझ्याकडे क्रम उलटा आहे. आधी वहीत एखादा हात येतो, एखादी पाठ येते, पायरीवर बसायची कुणाची तरी तऱ्हा येते. गोष्ट कित्येक आठवड्यांनी येते, कधी येतही नाही. वही मात्र रोज भरावीच लागते. शर्टाच्या खिशात मावेल एवढीच वही मी वापरतो. मोठं स्केचबुक उघडलं की लोक सावध होतात, केसांवरून हात फिरवतात, ताठ बसतात, आणि मग समोर उरतो तो फोटो स्टुडिओतला माणूस.

आमचं शहर यंत्रमागांचं. माग चालू असताना मागवाल्याचं चित्र काढणं फार अवघड. तो एका जागी उभाच राहत नाही. इकडे धागा तुटला, तिकडे बॉबिन संपली, त्याची नजर एकाच वेळी चार मागांवर. शाईही नीट वाळत नाही, हवेतली कापसाची बारीक कुसं ओल्या रेघेवर येऊन बसतात. म्हणून मी वीज जाण्याची वाट बघतो. वीज गेली की क्षणात सगळी खटखट थांबते, माणसं घाम पुसत बाहेर ओट्यावर येतात, चहा मागवला जातो, आणि मघाशी नुसती धावपळ दिसत होती तिथे चेहरे दिसू लागतात. माझ्या वहीतली सर्वांत चांगली पानं याच वेळातली आहेत. एकदा एक वयस्कर विणकर चाचा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, ‘बेटा, मुँह तो सब बनाते हैं, हाथ बनाओ. काम तो हाथ करता है.’ त्यांनी तुटलेला धागा बोटांवर घेऊन गाठ कशी मारतात ते सावकाश करून दाखवलं. ती गाठ मी सहा चौकटींत काढली. त्या भागात एकही संवाद नव्हता, आणि आजवर सर्वांत जास्त निरोप मला त्याच भागासाठी आले. त्यातले बरेचसे भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचे होते.

मागाचा आवाज कसा काढायचा, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. चौकटीच्या कोपऱ्यात ‘खट्’ लिहिलं की मागवाले हसतात. तिथे राहणाऱ्याला तो आवाज वेगळा असा ऐकू येतच नाही, तो कायम असतो. म्हणून आता मी ‘खटखटखट’ ही अक्षरं चौकटींच्या कडा ओलांडून पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत फिकट रंगात नेतो. पात्रं त्याच्यावरून बोलतात. वीज गेलेल्या चौकटीत मागची जागा कोरी ठेवतो. शांतता दाखवायला याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

संवादाच्या फुग्यांचा मामला देवनागरीत वेगळाच आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी अक्षरं बहुधा कॅपिटल, एका उंचीची, ओळीखाली ओळ बसते. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून मी आधी अक्षरं हाताने लिहितो, मग त्यांच्याभोवती फुगा काढतो, आणि उरलेल्या जागेत माणसं बसवतो. फुगा फार भरला की शि. द. फडणीसांची चित्रं आठवतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं ज्या पिढीने पाहिली तिला सांगायला नकोच. त्यांची कितीतरी हास्यचित्रं शब्दांवाचून बोलतात. ती आठवली की निम्मं वाक्य गाळायचं धैर्य येतं.

रोज काढायची सवय मात्र मी मारिओ मिरांडांकडून घेतली. त्यांचा जन्म 1926 साली दमणला झाला आणि ते वाढले गोव्यातल्या लोटलीत. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढत, तेव्हा आईने कोरी वही आणून दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ते इतिहास शिकले. त्यांच्या 1949, 1950 आणि 1951 या सालांच्या चित्रमय डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. आज जो वेबकॉमिक काढू पाहतो त्याने त्या जरूर बघाव्यात. गावातले पाद्री, शेजारी, लग्नं, मित्रांची बैठक, जे दिवसात घडलं ते पानावर आलं. मिस फोन्सेका आणि मिस निंबूपानी ही त्यांची गाजलेली पात्रं नंतरची. त्याआधी हा विशीतला मुलगा, वाचक कुणी नसताना, रोज काढत होता. अमेरिकेत जेम्स कोचाल्का यांनी 1998 पासून 2012 च्या अखेरीपर्यंत ‘अमेरिकन एल्फ’ ही चित्र-डायरी चालवली आणि ती इंटरनेटवर वाचली गेली. तो प्रकार नवा म्हणून गाजला, पण लोटलीच्या घरात तो अर्धशतक आधी सुरू झाला होता, हे मला मनापासून मोलाचं वाटतं.

मोबाइलचा पडदा उभा असतो, हे बंधन मानणारे पुष्कळ. मला त्याचा खरा उपयोग कळला तो कुंडी भंडाऱ्यात. 1615 मध्ये, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरचं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून शहरात आणलं. विहिरींसारख्या दिसणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या त्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. खाली जायचं तर सुमारे 80 फूट उतरावं लागतं. वरून गोल उजेड पडतो, भिंतींवर क्षारांचे पांढरे थर साचलेले, पायाशी वाहतं पाणी. काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने मी तिथे टिपणं केली, आणि तो भाग एकाच लांबच लांब चौकटीत काढला. वाचकाचा अंगठा सरकतो तसा तोही खाली उतरतो. छापील पानावर हे जमलं नसतं.

इतिहास काढताना बाकी मी हात आखडता घेतो. मुमताजमहल 1631 मध्ये इथे वारली, पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये इथेच वारले. प्रत्येक वाचक तेच मागतो. पण मिर्झाराजांच्या छत्रीकडे गेलो तेव्हा माझ्या वहीत आली ती सावलीला बसलेली, शेळ्या राखणारी पोरं. तीच मी ठेवली.

केळीचंही असंच. मंडपाच्या खांबाला बांधलेलं अखंड पान सगळ्यांना काढता येतं. शेतातलं पान वाऱ्याने चिरलेलं असतं, आणि त्या चिरांवरूनच वारा कुठून येतो ते कळतं. रावेरपासून आमच्यापर्यंत वाचक शेतकरी आहेत, त्यांना खोटं पान लगेच ओळखू येतं.

लहान शहरात चेहरा उचलणं जोखमीचं असतं. माझा नियम पक्का आहे: एकाचं नाक, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याची बोली. बायकांचं चित्र विचारल्याशिवाय काढत नाही. तरी एका केळी व्यापारी काकांनी मला मावा जलेबीच्या दुकानात गाठलं आणि विचारलं, ‘तो कंजूष शेठ मीच ना? घरात सगळे म्हणतात.’ ते पात्र मी त्यांच्यावरून काढलंच नव्हतं. मी वही उघडून ते कुठून कुठून जुळवलं ते दाखवलं. पानं उलटताना त्यांना त्यांच्या हमालाचं चित्र सापडलं, खांद्यावर घड, मान वाकलेली. काका गप्प झाले. मग म्हणाले, ‘हे पान मला दे, त्याच्या घरी देतो.’ मूळ पान मी कुणाला देत नाही. ते दिलं.

वाचकांपैकी कुणाला कॉमिक काढायचं असेल तर टॅबलेट आणि सॉफ्टवेअर नंतर घ्या. आज एक छोटी वही आणि एक पेन घ्या, तुमच्या गल्लीतल्या एका माणसाचं चित्र काढा, खाली तारीख आणि जागा लिहा, आणि उद्या दुसऱ्याचं काढा. ती पानं इंटरनेटवर टाकायची घाई करू नका.