खडूएवढी गोळी आणि कागदावरचा आकडा

ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये मुलांना घेऊन ब्लॅकपूलची रोषणाई बघायला आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी गेले असतील. आगगाडीनं गेलात तर प्रेस्टन सुटल्यावर सॅलविक नावाचं एक इवलंसं स्टेशन लागतं. बहुतेक गाड्या तिथे थांबतही नाहीत. पण त्याच्या जवळच स्प्रिंगफील्ड्स नावाचा एक कारखाना आहे. १९४६ साली या जागेची निवड झाली, आणि तेव्हापासून ब्रिटनच्या अणुवीज केंद्रांचं इंधन तयार होण्याचं हे मुख्य ठिकाण. लँकेशायरच्या कापडगिरण्या आपण शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात वाचल्या होत्या. या कारखान्याबद्दल मात्र मँचेस्टरकर मंडळींनाही फारसं ठाऊक नसतं.

इथलं काम कसं चालतं? खाणीतून निघालेलं युरेनियम शुद्ध करायचं, ही पूर्वी इथली पहिली पायरी असे. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. ब्रिटनच्या पहिल्या पिढीच्या मॅग्नॉक्स अणुभट्ट्यांना तेवढा पुरत असे. युरेनियम धातूची कांब मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या डब्यात बंद केली की इंधन तयार! पुढच्या पिढीच्या भट्ट्यांना हा भाग अधिक लागतो. त्यासाठी युरेनियमचं वायुरूप संयुग चेशरमधल्या केपनहर्स्टला समृद्ध करून परत आणायचं, त्याची भुकटी करायची, दाबून गोळ्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. गोळी म्हणजे काय, तर शाळेतल्या खडूचा एक तुकडा समजा. या गोळ्या पोलादी नळ्यांत भरतात आणि अशा ३६ नळ्यांचा एक जुडगा होतो.

१९७१ साली सरकारनं हा सगळा पसारा ‘ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे सोपवला. स्प्रिंगफील्ड्सचा कारखाना, केपनहर्स्ट आणि कंब्रियातलं सेलाफील्ड हे सारं तिच्याच छत्राखाली आलं. गंमत म्हणजे आपल्याकडे हैदराबादचं ‘न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स’देखील त्याच साली सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदार गिऱ्हाइकाला माल देतो, त्यात विशेष ते काय? विशेष हे, की हा माल नाक्यावर मिळत नाही. एका दुकानानं हात आखडता घेतला तर शेजारच्या दुकानात जायची सोय नसते. हे आपल्या देशानं चांगलंच अनुभवलं आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तिचं इंधन ब्रिटननं दिलं होतं. तो व्यवहार सुरळीत झाला. तारापूरचं तसं झालं नाही. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेनं तीस वर्षं इंधन पुरवायचं होतं. पण १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला आणि पुरवठा अडला. मग फ्रान्स, पुढे चीन, नंतर रशिया अशी दारं ठोठवावी लागली. केंद्र आपल्या किनाऱ्यावर, पण ते चालणार की नाही हे सातासमुद्रापलीकडे ठरायचं. शब्द फिरला की काय होतं, ते तारापूरनं दाखवलं.

शब्द दुसऱ्या तऱ्हेनंही मोडतो. ती गोष्ट सेलाफील्डची.

वापरलेल्या इंधनातून काढलेलं प्लुटोनियम युरेनियममध्ये मिसळून तिथे एका छोट्या कारखान्यात गोळ्या बनत. गिऱ्हाईक होतं जपानची कान्साई वीज कंपनी. प्रत्येक गोळीचा व्यास यंत्र मोजायचं. शिवाय खात्रीसाठी काही गोळ्या वेगळ्या काढून माणसांनी पुन्हा मोजायच्या आणि आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे, अशी अट होती. पाळी संपेपर्यंत तेच ते काम! काही कामगारांनी न मोजताच जुन्या गोळ्यांचे आकडे उचलून नव्यांच्या नावावर टाकले. ऑगस्ट १९९९ मध्ये हे कारखान्यातच लक्षात आलं आणि सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात आलं. तोवर काही इंधन तोफा बसवलेल्या जहाजातून जपानच्या वाटेवर होतं. त्या खेपेत काही गडबड नाही, असं कंपनीनं आधी सांगितलं. डिसेंबरमध्ये कबूल करावं लागलं, की त्यातलेही काही आकडे खोटे आहेत. त्याच सुमारास, ३० सप्टेंबरला, जपानमध्ये तोकाईमुरा इथे इंधनाच्या कारखान्यात अपघात झाला होता आणि त्यात पुढे दोन कामगार दगावले. जपानी माणसाचा राग आपण समजू शकतो.

फेब्रुवारी २००० मध्ये सरकारी निरीक्षकांचा अहवाल आला. यंत्राची तपासणी झालेली असल्यानं गोळ्या सुरक्षित आहेत, असं त्यांचं मत होतं. पण देखरेखीवर त्यांनी कडक ताशेरे ओढले. काही कामगारांची नोकरी गेली. मुख्याधिकारी जॉन टेलर यांनी राजीनामा दिला. कंपनीचा काही हिस्सा खाजगी भांडवलाला विकायचा बेत पुढे ढकलला गेला. जपानला नुकसानभरपाई द्यावी लागली आणि २००२ साली ते इंधन अर्ध्या जगाला वळसा घालून परत सेलाफील्डला आणावं लागलं.

पुढे कंपनीच मोडीत निघाली. तिची कामं २००५ पासून निरनिराळ्या संस्थांकडे वाटली गेली. स्प्रिंगफील्ड्सचा कारखाना आता वेस्टिंगहाऊस चालवते. सेलाफील्डचा नवा, मोठा मिश्र इंधनाचा कारखाना तर फुकुशिमानंतर जपानी गिऱ्हाइकांचा भरवसा उरला नाही म्हणून बंद करायचं २०११ मध्ये ठरलं. हे सगळं त्या खोट्या आकड्यांमुळेच घडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. धंद्याची गणितंही बदलली होती. पण गोळी चांगली असूनही माल परत येतो, हे मात्र त्या आकड्यांनीच शिकवलं.

अणुवीज हवी की नको, यावर आपल्या मंडळाच्या चहापानात दोन तट पडतात, ते पडोत. दोघांनाही मान्य व्हावी अशी एक गोष्ट इथे आहे. अणुभट्टीच्या आत डोकावून गोळी मोजायला ना तुम्ही जाऊ शकता ना मी. आपल्या हाती असतो फक्त कागद, आणि त्यावर कुणीतरी केलेली सही. आपल्यातले कितीतरी जण रोज अशा सह्या करतात: कुणी हॉस्पिटलात, कुणी औषधांच्या दुकानात, कुणी कारखान्याच्या तपासणी खात्यात. काम कंटाळवाणं असतं, कुणी बघत नसतं, आणि कालचा आकडा आज चालून जाईल असं वाटतं. पण त्या सहीवर विसंबून पलीकडे कुणीतरी अनोळखी माणूस निर्धास्त झोपलेला असतो.