थंडीचे अंश आणि थंडीचे शब्द : हाँगकाँगमधील फेब्रुवारीच्या निमित्ताने

हवामानवाचक शब्दांचा अर्थ केवळ कोशावरून निश्चित होत नाही. तो शब्द जेथे उच्चारला जातो तेथील वारा, घरांच्या भिंती आणि माणसांची पांघरुणे यांच्यासह तो पाहावा लागतो. हे विधान सर्वसामान्यपणे कोणीही मान्य करील. ते तपासून पाहण्याची सोय मात्र क्वचितच मिळते. हाँगकाँग येथे ती आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या तेथील वेधशाळेने थंडी-उष्म्याचे सात शब्द घेऊन त्यांतील प्रत्येकाला तापमानाचे अंश बांधून दिले आहेत, आणि हे शब्द इंग्रजी व चिनी अशा दोन्ही भाषांतून नित्य वापरले जातात. या व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती फेब्रुवारीत.

प्रथम त्या महिन्याचे स्वरूप पाहू. हाँगकाँगचा अक्षांश सुमारे २२ अंश १८ कला उत्तर, म्हणजे जवळजवळ आपल्या वडोद्याचाच. परंतु वडोद्यास फेब्रुवारीची दुपार ३० अंशांच्या घरात जाऊ लागते, तेव्हा हाँगकाँगचे त्या महिन्याचे सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असते. या भेदाचे मूळ पर्वतांत आहे. सैबेरिया व मंगोलिया यांवर साचणारी जड, शीत हवा आपल्याकडे येऊ पाहते तेव्हा हिमालय तिला अडवतो. दक्षिण चीनच्या माथ्यावर मात्र नानलिंगच्या रांगा तेवढ्या आहेत; त्या ठेंगण्या आहेत आणि त्यांत खिंडीही पुष्कळ आहेत. उत्तरेचा दाब वाढला की ही हवा खिंडींतून व किनाऱ्याच्या कडेने समुद्रापर्यंत उतरते, आणि शहराचे तापमान एका दिवसात आठ-दहा अंशांनीही खाली येऊ शकते. पुढे तो गुरुदाबाचा प्रदेश पूर्वेस समुद्रावर सरकतो, वारा ईशान्येकडून आग्नेयेकडे वळतो आणि दक्षिण चिनी समुद्रावरील ओलसर हवा शहरावर पसरते. मळभ, झिमझिम आणि धुके हे तिचे परिणाम. अशा रीतीने एकाच महिन्यात दोन वेगळे हिवाळे आळीपाळीने येत असतात.

आता ते सात शब्द. ७ अंश वा त्याखाली 'अतिशय थंड', ८ ते १२ 'थंड', १३ ते १७ 'शीतल', १८ ते २२ 'सौम्य', २३ ते २७ 'उबदार', २८ ते ३२ 'उष्ण' आणि ३३ वा त्यावर 'अतिशय उष्ण'. आम्ही येथे मराठी पर्याय इंग्रजी शब्दांवरून दिले आहेत, आणि गोम तेथेच आहे. चौथ्या पायरीचा इंग्रजी शब्द तटस्थ आहे. तो थंडही म्हणत नाही, ऊनही म्हणत नाही. तिचा चिनी शब्द मात्र 'मृदू' आणि 'ऊब' अशा दोन अक्षरांचा आहे. म्हणजे २० अंशांची हवा एका भाषेत 'ना थंड ना ऊन' आणि दुसऱ्या भाषेत 'हळुवार ऊब' ठरते. अंशांची सीमा दोन्हीकडे तीच असली, तरी ऊब जेथून सुरू होते ती रेषा दोन भाषांत निराळी आहे. पारिभाषिक शब्द संख्येला जखडले, तरी त्यांचे आधीचे अर्थ त्यांना सोडून जात नाहीत, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

वेधशाळेचे चिनी शब्द ग्रांथिक आहेत, हेही ध्यानात घ्यावे. त्यांत थंडीसाठी येणारे पद 'हॉन-लांग'. रस्त्यावरचा कँटोनीज बोलणारा माणूस थंडीला तसे म्हणत नाही. तो म्हणतो 'तुंग'. हाच शब्द उत्तरेच्या प्रमाण चिनीत मुख्यतः 'गोठणे' या अर्थी चालतो. जेथे पाणी सहसा गोठतच नाही तेथे गोठण्याचा शब्द साध्या थंडीसाठी मोकळा झाला, आणि १२ अंशांच्या सकाळलाही तो लागू लागला. बर्फ घातलेल्या दुधाळ चहालाही हाँगकाँगमध्ये 'तुंग'च म्हणतात. 'स्यूत' या शब्दाची कथा अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ आकाशातून पडणारे हिम. परंतु कँटोनीजमध्ये शीतकपाट म्हणजे 'हिमाचे कपाट' आणि आइस्क्रीम म्हणजे 'हिमाचा केक'. हिम व बर्फ यांतील भेद उत्तरेच्या माणसाला रोज पायांखाली जाणवतो. हाँगकाँगच्या माणसाला तो जपण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. संस्कृत 'हिम' मराठीत 'हिंव' होऊन आला आणि येताना आपला बर्फ मागे ठेवून आला. उरली ती केवळ थंडी, आणि 'हिंवताप' या शब्दात तर केवळ अंगातली हुडहुडी. 'हिवाळा' म्हणताना कोणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हिम उभे राहत नाही. दोन असंबद्ध भाषाकुलांतील दोन भाषा दक्षिणेच्या हिमहीन प्रदेशात आल्यावर सारख्याच वाटेने गेल्या, हा योगायोग निश्चितच नोंदण्याजोगा आहे.

मात्र 'तुंग' हा शब्द अतिशयोक्त आहे असे समजणे चूक ठरेल. हाँगकाँगमधील बहुतेक घरांत उष्णतेची कायम व्यवस्था नसते. बांधकाम उन्हाळा ध्यानी धरून केलेले असते. २००८ साली २४ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असे सलग २४ दिवस किमान तापमान १२ अंशांच्या वर गेले नाही. बीजिंगच्या माणसाला हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्याच्या घरात ऊब असते. एकट्याने राहणाऱ्या वृद्धाला २४ दिवस बाहेरच्याच तापमानात, आतही पांघरुणात बसून काढावे लागणे ही निराळी गोष्ट आहे. म्हणून थंडीची सूचना देताना वेधशाळा १२ हा आकडा समोर ठेवते, पण वारा आणि आर्द्रता यांचाही विचार करते. सूचना लागू असताना सरकारी निवारे उघडले जातात. २४ जानेवारी २०१६ रोजी वेधशाळेत ३.१ अंश नोंदले गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी प्राथमिक शाळा व बालवाड्या बंद ठेवाव्या लागल्या. त्याच दिवशी ९५७ मीटर उंचीच्या ताइ मो शान पर्वतावर हिमकण पाहावयास गेलेले कित्येक लोक निसरड्या रस्त्यावर अडकून पडले. हिमाचे कपाट घरोघरी असलेल्या लोकांना खऱ्या हिमाचे एवढे अप्रूप असावे, हे समजण्यासारखे आहे.

बोलीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ती अंशांपेक्षा वाऱ्याकडे अधिक पाहते. थंडी उतरू लागली की लोक 'फान फुंग', म्हणजे 'वारा उलटला', म्हणतात. आणि महिन्याच्या उत्तरार्धात वारा समुद्राकडून वाहू लागला की येते ते 'वुइ नाम थिन'. शब्दशः 'दक्षिण परतण्याची हवा'. यातील 'थिन' म्हणजे आकाशही, दिवसही आणि हवाही. (आपला 'आभाळ' मूळच्या 'अभ्र' म्हणजे ढगापासून आला आणि 'आज आभाळ आहे' यात अजूनही ढगच दाखवितो, आकाशवाचक शब्द फारसे स्थिर नसतात.) या हवेत तापमान झपाट्याने वाढते, परंतु आठवडाभराच्या थंडीने गार पडलेल्या भिंती व फरशा मागे राहतात. आत शिरणाऱ्या हवेच्या दवबिंदूपेक्षा त्या थंड असल्यामुळे त्यांवर पाणी सुटते. आरसे धूसर होतात, जिने निसरडे होतात, कपडे वाळत नाहीत. ऊन हवा आली म्हणून कोणी खिडक्या उघडल्या तर भिंती अधिकच भिजतात. त्या बंदच ठेवाव्या लागतात. वेधशाळेच्या सात पायऱ्यांवर असा दिवस 'सौम्य' किंवा 'उबदार' म्हणून नोंदला जातो. तो आकड्यांना धरून बरोबर असला, तरी त्या दिवसाविषयी जे सांगावयाचे ते बोलीतला शब्दच सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे. भारतीय हवामानखाते थंडीची लाट ठरविताना सर्व देशाला एकच आकडा लावीत नाही. किमान तापमान डोंगराळ भागात ० अंश, मैदानात १० अंश आणि किनाऱ्यावर १५ अंश किंवा त्याखाली असावे लागते, शिवाय ते तेथील सरासरीपासून पुरेसे ढळलेलेही असावे लागते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे ७.४ अंश नोंदले गेले. महाबळेश्वरास त्याचे तेवढे नवल झाले नसते. म्हणजे शब्द एकच ठेवून आकडे प्रदेशानुसार बदलले. हाँगकाँगचा विस्तार लहान असल्याने त्याला एकाच मापाने चालवून घेता आले, इतकेच.

भाषांतराची अडचण मात्र उरतेच. हाँगकाँगची वेधशाळा हिंदी, नेपाळी, उर्दू इत्यादी भाषांतूनही हवामान कळविते. तेथे १२ अंशांना 'थंड' म्हणणे सोपे. पण काठमांडूहून आलेल्या माणसाला त्या शब्दातून धोका कळेलच असे नाही. आणि 'वुइ नाम थिन' मराठीत आणावयाचे तर 'दमट', 'कुंद', 'सर्द' यांपैकी एकही पुरत नाही. कोकणात आषाढात भिंतींना 'ओल येते' ती बहुधा पावसाची आणि जमिनीची, भिंतीच्या आतून बाहेर आलेली. येथे पाणी हवेतून भिंतीवर येते. 'भिंतींना घाम फुटला' असे म्हणावे, तर घामही आतूनच येतो.