औषधांना दाद न देणारी आकडी आणि रक्तातल्या खुणा

आंबिवलीहून लोकलनं मुलाला परळच्या वाडिया किंवा केईएमला नेणाऱ्या आईबापांचा प्रश्न एकच असतो: "दर फिटला मेंदू खराब होतो का हो?" आज आपण तोच घेऊ.

योग्य निवडलेली, सोसणारी दोन औषधं नीट देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो औषधरोधक अपस्मार. ही व्याख्या २०१० सालची. साधारण तीनातल्या एका रुग्णाचं असं होतं.

मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांची प्रथिनं रक्तात झिरपतात: चेतातंतूंमधलं एनएफएल, चेतापेशींमधलं एनएसई, आधारपेशींमधली जीएफएपी आणि एस१००बी. लांबलेल्या झटक्यानंतर ती वाढू शकतात. छोट्या झटक्यानं सहसा कायमची इजा होत नाही. भीती लांबलेल्या झटक्याची.

पण आकडा वाढला म्हणजे मेंदूच दुखावला, असं नाही. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. सॅम्पल लॅबपर्यंत नेताना त्या फुटल्या, तर ते उगाच वाढलेलं दिसतं. एस१००बी चरबीतही असतं. एनएफएल वयानुसार बदलतं, म्हणून तुलना त्याच वयाच्या मुलांशीच हवी.

म्हणून आम्ही सांगतो, या एका आकड्यावर उपचार ठरवू नका. व्हिडिओ ईईजी आणि एमआरआय करून शस्त्रक्रिया किंवा किटोजेनिक आहार जमेल का, हे वेळेत विचारा. औषध मनानं बंद करू नका. झटका आला की कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली की थेट दवाखाना गाठा.