लंगडत आलेला सुपरहिट

जाळलेलं बूच घ्यायचं, तोंडाला फासायचं. अंगात फाटका कोट. मग एक पाय ओढत, खांदा वाकडा करत गाणं म्हणायचं आणि शेवटी टुणकन उडी. बस्स! १८३२मध्ये न्यूयॉर्कच्या बॉवरी थिएटरमध्ये टी. डी. राइस या गोऱ्या नटाने एवढंच केलं आणि पब्लिक जाम खूश! कॅरेक्टरचं नाव ‘जिम क्रो’. १८३६मध्ये हा आयटम लंडनला गेला, तिथेही हिट.

हे त्याला सुचलं कुठून? म्हणे तबेल्यात काम करणाऱ्या एका अपंग काळ्या माणसाला त्याने असं गाता-नाचताना पाहिलं. आख्यायिकाच ही. गाव कधी लुईव्हिल, कधी सिनसिनाटी, तर कधी पिट्सबर्ग! पण लोकांनी ती वर्षानुवर्षं चवीने सांगितली. मला खुपतं ते हे, की त्या माणसाचं लंगडणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, खरं नाव मात्र कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

१८४३पासून तर अशा ‘मिन्स्ट्रेल शो’च्या कंपन्याच निघाल्या. त्यातल्या बायकाही पुरुषच. गोरा गडी तोंड रंगवून, झगा घालून काळ्या बाईची टर उडवणार आणि थिएटर हसून लोळणार. याउलट १८४५मध्ये शार्लट कुशमन या गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीने लंडनमध्ये रोमिओ केला, ज्युलिएट तिची सख्खी बहीण सुझन. तेव्हा मात्र टीकाकारांनी तिला डोक्यावर घेतलं.

पुढे अमेरिकेत काळ्यांना शाळेत, रेल्वेत, बसमध्ये वेगळं बसवणारे कायदे आले. त्यांना नाव पडलं ‘जिम क्रो’! १९६०च्या दशकापर्यंत ते टिकले.

मग काळे नट नव्हतेच का? होते ना! राइसच्या ११ वर्षं आधी, त्याच न्यूयॉर्कमध्ये. १८२१मध्ये विल्यम ब्राउन या काळ्या माणसाने नाटक कंपनी काढली. त्या राज्यातून गुलामगिरी पूर्ण जायला अजून सहा वर्षं होती. जेम्स ह्यूलेट तिथे ‘रिचर्ड थर्ड’ करायचा. गोरे प्रेक्षक येऊन दंगा घालायचे, म्हणून ब्राउनने त्यांनाच मागे वेगळं बसवलं! (सॉलिड ना?) १८२२मध्ये पोलिसांनी नटांना उचललं. पुन्हा शेक्सपियर करणार नाही, असं कबूल केल्यावरच सोडलं, असं तेव्हाच्या पेपरात आलं.

याच वर्तुळातला कोवळा पोरगा आयरा ऑल्ड्रिज १८२४मध्ये इंग्लंडला निघून गेला. १८३३मध्ये त्याने कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला. मग युरोपभर दौरे केले. १८६७मध्ये दौऱ्यावरच, पोलंडमधल्या लॉज शहरात गेला. तिथेच त्याची कबर आहे.