जुना वायुनळ आणि नवा कायदा

शेतजमिनीखालून नैसर्गिक वायूचे नळ जाऊं लागल्यास आपल्याकडे बरींच वर्षें झालीं. १९६२ च्या कायद्यान्वयें जमीन मालकाचीच राहते. नळासाठीं केवळ वापराचा हक्क घेतला जातो. मात्र त्या पट्ट्यांत मालकास पुढें घर बांधतां येत नाहीं, विहीर वा तळें खणतां येत नाहीं, झाड लावतां येत नाहीं. या अटी आमच्या कित्येक वाचकांस अनुभवानें ठाऊक असतील. परंतु पुरलेला नळ मागाहून बदलला, बाजूस सरकविला, अथवा त्याच्या आसपास वस्ती वाढली, तर त्यास कोणता नियम लागतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तें विचारणें किती अगत्याचें आहे, हें अमेरिकेंतील सॅन ब्रुनो गांवच्या हकीकतीवरून दिसून येईल.

कॅलिफोर्निया संस्थानांत १९४८ सालीं घातलेला तीस इंची वायुनळ या गांवांतून जात असे. १९५६ सालीं घरांच्या वसाहतीसाठीं तेथील जमीन सपाट करण्याचें काम निघालें, म्हणून नळाचा एक भाग दुसरीकडे हलविण्यांत आला. हलविलेल्या भागांत कांहीं आखूड तुकडे जोडलेले होते, व त्यांचा उभा सांधा बाहेरून तेवढा जोडून आंतून तसाच सोडला होता. कंपनीच्या दप्तरीं मात्र हा नळ बिनसांध्याचा म्हणून नोंदलेला! चोपन्न वर्षें मातीनें हें वैगुण्य झांकलें. ९ सप्टेंबर २०१० च्या सायंकाळीं तो सांधा उकलला. आठ माणसें दगावलीं, अडतीस घरें नष्ट झालीं, आणि वायु बंद करण्यास ९५ मिनिटें लागलीं.

नळांत पाणी भरून नेहमीपेक्षां अधिक दाब देण्याची साधी चांचणी आहे. कच्चा सांधा असल्यास तो पाण्यांतच फुटतो व जीवितहानि टळते. पण १९६१ च्या प्रांतिक नियमांनीं व १९७० च्या मध्यवर्ती नियमांनीं आधींच्या नळांस या चांचणींतून मोकळें ठेविलें. १२ नोव्हेंबर १९७० नंतर जो भाग बदलावा, हलवावा, त्यास नवे नियम पूर्णपणें लागू. ज्यास हात लावला नाहीं, त्यांत मागील पांच वर्षांत जो सर्वांत अधिक दाब चालला तोच पुढें चालूं द्यावा, अशी सवलत. जुन्या बांधाविषयीं असा भरंवसा कोणताहि शेतकरी धरणार नाहीं.

वस्तीसंबंधींचा नियम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. नळाच्या दोहों बाजूंस २२० यार्ड व लांबीनें एक मैल, एवढ्या टापूंत दहापर्यंत घरें असल्यास, पोलाद ज्या ताणास हार खातें त्याच्या शेंकडा ७२ पर्यंत ताण चालतो. घरें दहाहून अधिक झाल्यास ६०, सेहेचाळीस वा अधिक झाल्यास ५०, आणि बहुमजली इमारतींच्या भागांत ४०. नळ जागचा न हालतां नियम बदलतो, तो असा. वर्ग बदलल्यावर चोवीस महिन्यांच्या आंत दाब योग्य असल्याची खात्री करावी, तो कमी करावा, अथवा नळ बदलावा लागतो. घरें मोजून वर्ग पाडण्याची ही रीत आपल्या देशांतील नियमांतहि आहे.

सॅन ब्रुनोनंतर जुन्या नळांची सवलत आटोपती घेण्यांत आली. २०१९ च्या नियमान्वयें दाट वस्तींतील अशा नळांचा दाब पुन्हां सिद्ध करावयाचा असून, निम्मे काम जुलै २०२८ पर्यंत व सर्व काम जुलै २०३५ पर्यंत पुरें करावयाचें आहे. आपल्या शेतांत जुना नळ उकरण्यास माणसें आलीं, तर पिकाच्या नुकसानीबरोबर एवढेंहि विचारावें: नव्या तुकड्याची चांचणी किती दाबानें झाली, आणि तिची नोंद कोठें पाहावयास मिळेल?