भेदरलेल्या जिवाला घर हवे

डिसेंबर 2021 मध्ये आपल्या जिल्ह्यातील, माजलगाव तालुक्यातले लऊळ गाव देशभर गाजले. वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांच्या माथ्यावर नेत व तिथे ती मरत, अशी ती बातमी होती. वर्तमानपत्रांतला आकडा 250 पर्यंत गेला. अखेर वन विभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरे पकडली. या बातमीवर हसणे पुष्कळ झाले. पण भ्यालेल्या जनावराला माणसाने आपलेसे कसे करावे, याचा विचार फारसा कोणी केला नाही. मीही केला नव्हता. तो मला चंदीने करायला लावला.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडून लाखो ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी आणि लेकरे चढतात. कुत्र्याला जागा उरतेच असे नाही. चंदी अशीच मागे राहिली. जनावराला उपाशी सोडून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. पण ज्यांना लेकरांची शाळाच सोडावी लागते, त्यांना दोष देताना जीभ अडखळते. मी तिच्या धन्याला फोन केला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ताई, तिला चांगलं घर बघा."

मी घाई केली. गावातल्या एका मोठ्या घरी तिला देऊन टाकले. घर चांगले, माणसेही चांगली; पण दार रहदारीच्या रस्त्यावर आणि मुले सारखी अंगाशी खेळणारी. तिसऱ्या दिवशी वरातीचे फटाके वाजले. घाबरून ती खाटेखाली दडली, एका मुलाने तिला ओढून काढण्यासाठी हात घातला आणि ती चावली. जखम पंधरा मिनिटे साबणाने धुऊन मुलाला लगेच दवाखान्यात नेले, लसी दिल्या. चंदी मात्र "चावरी" ठरून माझ्याकडे परत आली.

खरे तर ती चावरी नव्हती, भित्री होती. शेपूट पायांत, कान मागे, अंग जमिनीला टेकलेले, वारंवार ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे ही सारी भीतीची भाषा आहे. पळायला वाट नसली म्हणजे भित्रे कुत्रे दात दाखवते. म्हणून त्याच्याकडे रोखून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. अंग वळवून खाली बसावे आणि त्याला आपणहून येऊ द्यावे. निजायला एक ठरलेला कोपरा आणि जेवणाची ठरलेली वेळ, एवढ्यानेही त्याला धीर येतो.

दुसऱ्या खेपेला मी आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला रेबीजची लस टोचून घेतली. मग घर शोधताना वाडा किती मोठा हे न पाहता चार प्रश्न विचारले. घरात गलबला किती? दिवसभर कोण असते? साखळीवाचून राहील अशी जागा आहे का? आणि तुम्ही पुढच्या हंगामात कुठे असाल?

शेवटच्या प्रश्नावर एक आजी हसल्या. मुलगा-सून कोयत्यावर गेलेले. त्या नातीसह आखाड्यावर राहतात. "मी कुठं जाणार बाई? मलाबी मागंच ठिवत्यात."

तरी या वेळी घाई केली नाही. आठवडाभर मी रोज चंदीला तिथे नेई व परत आणी. नातीला बजावले होते की तिला हात लावायचा नाही. पहिले तीन दिवस ती बाभळीखालून हलली नाही. चौथ्या दिवशी आजींनी टाकलेला भाकरीचा तुकडा तिने उचलला, पण लांब नेऊन खाल्ला. सातव्या दिवशी तिथेच बसून खाल्ला. त्या दिवशी मी एकटी परतले.

फटाक्यांना ती अजून भिते. तेव्हा आजींच्या खाटेखाली शिरते. तिला तिथून कोणी ओढून काढत नाही.